मोठ्याने ओरडेल त्याचं आधी?

आमच्या पेमेंट ॲपच्या टीममध्ये दर सोमवारी तेच! सेल्सवाले एका बड्या गिऱ्हाइकाचा मेल नाचवतात आणि अख्खा स्प्रिंट, म्हणजे टीमच्या कामाची एक पूर्ण फेरी, त्याच्या रिपोर्टचे रंग बदलण्यात जातो. इकडे सपोर्टला रोज एकच तक्रार: खात्यातून पैसे गेले, दुकानदाराला मिळाले नाहीत, स्क्रीनवर नुसतं 'पेंडिंग'. भाजीवाल्या मावशी गिऱ्हाइकाला सोडत नाहीत, मागे रांग खोळंबलेली. असे यूपीआयचे अडकलेले पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत परत गेले नाहीत तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम. एवढं जुनं दुखणं आहे हे! पण मावशी मेल लिहीत नाहीत ना. अरे, किती जणांचं अडतंय, किती वेळा अडतंय, एवढं तरी मोजा आधी! रंग नंतर बदला.