माझी बत्तिशी, तिची सव्विशी

"अहो, कापताय की शेकताय?"

खिडकीतून हा प्रश्न आला तेव्हा ओंडक्यातून धूर निघत होता. वादळात आडव्या झालेल्या झाडाचा तो ओंडका. माझी विजेची चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, त्यात बोटभर आत जाऊन बसली होती आणि मी वरून असा भार देत होतो की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस सायकलच्या चाकात हवा भरतोय. खाली भुसा पडत होता. भुसा कसला, टाल्कम पावडर! हीच करवत नवी होती तेव्हा नखाएवढ्या ढलप्या उडवायची. बुटात जायच्या, खिशात जायच्या, अंघोळीनंतरही कुठून कुठून निघायच्या.

करवत बोथट झाली की ती तसं सांगत नाही. आधी वाटतं लाकूडच टणक आहे. मग वाटतं मोटरमध्ये दम नाही. शेवटी वाटतं आता आपलं वय झालं. मी तिसऱ्या पायरीवर पोचलो होतो.

खरं कारण मला ठाऊक होतं, पण ते मी घरात फोडलं नव्हतं. आदल्या आठवड्यात ओंडक्याखाली टेकू न लावता, तो जमिनीवर ठेवूनच कापायला घेतला होता. करवत आरपार गेली आणि दोन सेकंद मातीत फिरली. दोनच सेकंद. पण मातीत वाळू असते, आणि वाळूला पोलाद फार आवडतं.

"नानांना बोलावू का?" हा पुढचा प्रश्न. नाना म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले, पण फिटरकी सुटली नाही. आमच्या घराचं दार कुरकुरलं की त्यांना त्यांच्या घरी ऐकू जातं, असा माझा संशय आहे.

"नको," मी म्हटलं. "धार तर लावायची आहे. त्यात काय एवढं?"

नाना अर्ध्या तासात हजर.

मी पायरीवर बसलो होतो. करवत मांडीवर, हातात कानस, चेहऱ्यावर कारागिराचे भाव. नानांनी करवतीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते वायरीच्या मागं मागं चालत भिंतीपर्यंत गेले, सॉकेटमधून प्लग उपटला, वायर गुंडाळत गुंडाळत परत आले आणि प्लग माझ्या पायाशी ठेवला.

"हा डोळ्यांसमोर राहू द्या, जावईबापू."

"बटण बंदच होतं की, नाना. आणि तिला एक नाही, दोन बटणं एकदम दाबावी लागतात."

"तुम्हाला कोपरं किती?"

मी दोन्ही कोपरं आवळून घेतली. मुद्दा बिनतोड होता. पेट्रोलची करवत जागी असली की गुरगुरते, शहाणा माणूस आपोआप लांब राहतो. विजेची मात्र मांजरासारखी मुकाट पडून असते, आणि बटण दाबलं की थेट पूर्ण वेगात. झोपली आहे की टपून बसली आहे हे कळायला एकच खूण, प्लग कुठे आहे. बॅटरीवाली असेल तर बॅटरी काढून बाजूला ठेवायची, नुसता दिवा विझला म्हणून भागत नाही. त्यात मी रात्री कुठंतरी वाचून बसलो होतो की या यंत्राचं एक मूळ रूप 1830 च्या सुमारास बर्नहार्ड हाइने नावाच्या जर्मन माणसानं बनवलं, ते हाडं कापायला. दांडा फिरवून चालवायची, छोट्या साखळीची शस्त्रक्रियेची करवत. लाकडाशी तिचा संबंध नंतरचा. माणसाशी जुना.

पुढं 1926 मध्ये आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी साखळीची करवत केली. ती चालवायला दोन माणसं लागत. आमच्याकडे अजूनही दोनच लागतात. एक चालवायला, एक प्लग सांभाळायला.

"हातमोजे?" नानांनी विचारलं.

"नाना, ती बंद आहे. प्लग तर तुम्हीच…"

एवढ्यात मी साखळी बोटानं पुढं सरकवली आणि एका दातानं अंगठ्याची साल काढली. बोथट दातानं! ओंडक्यात जो दात केसभर शिरत नव्हता तो माझ्यात बरोबर शिरला. मी मुकाट्यानं हातमोजे घातले.

मग नानांनी बार, म्हणजे जिच्या कडेनं साखळी धावते ती लांब पट्टी, शिकंज्यात पकडला, साखळीचा ब्रेक लावून तिला जखडलं आणि डोळ्यांवर चष्मा चढवून दातांची तपासणी सुरू केली. 14 इंची बार. खाली खाचेतून धावणाऱ्या 52 कड्या, वर 26 दात, त्यातले 13 डावे आणि 13 उजवे, आलटून पालटून बसवलेले. माझी बत्तिशी, तिची सव्विशी. नानांनी ज्या नजरेनं त्या दातांकडे पाहिलं, त्या नजरेनं डेंटिस्ट पाहतात तेव्हा आपण मनातल्या मनात बिलाची रक्कम धरतो.

"मातीत घातली होती?"

"जराशी."

"धार म्हणजे ही रेघ," नाना म्हणाले. दाताची कड उजेडात धरली की चकाकते, तो बोथटपणा. धारदार कडेवर प्रकाश थांबायला जागाच नसते. माझ्या सव्वीसच्या सव्वीस दातांनी उजेडात असं हास्य केलं की टूथपेस्टच्या जाहिरातीत घ्यावं.

इथं मी वाचलेलं पुन्हा बाहेर काढलं. सासऱ्यासमोर जावयानं अगदीच रिकाम्या हातानं बसू नये. म्हटलं, "नाना, या दाताचा आकार एका अळीवरून घेतलाय बरं का. 1946 ची गोष्ट. अमेरिकेत ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. त्या काळच्या साखळ्यांना सरळ दात असायचे, सारखी धार लावावी लागायची. त्यानं लाकूड पोखरणारी एक अळी पाहिली. ती उभं, आडवं, कसंही लाकूड खात जाते, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. तिचे वाकडे जबडे बघून त्यानं तसेच दात पोलादात केले."

नानांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अळी कानस कितीची वापरायची?"

आमच्या साखळीला 4 मिलिमीटरची गोल कानस लागते. मी घेऊन बसलो होतो ती जवळपास बोटाएवढी जाड होती. ती नानांनी दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर टाकतात तशी बाजूला टाकली. जाड कानस दाताच्या पोटात बसत नाही आणि फार बारीक असली तर दाताला उलटं नख फुटतं, म्हणून साखळीच्या डब्यावर असेल तीच. ती दातात अशी धरायची की तिचा पाचवा हिस्सा दाताच्या माथ्यावर डोकवावा. साखळीशी कोन 30 अंशांचा. हा कोन धरायला मार्गदर्शक पट्टी मिळते, शिवाय बऱ्याच साखळ्यांच्या दातावर मागच्या बाजूला तिरपी रेघ कोरलेली असते, तिला समांतर जायचं. दात झिजत झिजत त्या रेघेपाशी आला की साखळी टाकून द्यायची.

मी उत्साहानं कानस पुढं-मागं, पुढं-मागं चालवली.

"जावईबापू, धार लावताय की तिची पाठ चोळताय?"

कानस फक्त पुढं जाताना कापते. येताना ती उचलून आणायची. ढकल, उचल, आण, ठेव. ढकल, उचल, आण, ठेव. आतून बाहेर, एकाच दाबानं. हे लिहायला सोपं आहे. माझ्या हातांना मात्र चाळीस वर्षं घासण्याची सवय, भांडं असो की दात. दर तिसऱ्या वेळी हात परत येताना घासायचाच, आणि वर्तमानपत्र वाचत बसलेले नाना डोकं न उचलता "हं" म्हणायचे. आवाजावरून कळायचं त्यांना.

सुरुवातीच्या दातावर मार्करनं ठिपका दिला, नाहीतर गोल साखळीत कुठून निघालो ते कळत नाही आणि माणूस कोलंबससारखा फिरत राहतो. प्रत्येक दाताला मोजून तीन वेळा कानस. आधी डावीकडचे तेरा, मग करवतीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उजवीकडचे तेरा. डावीकडचे तेरा मी मन लावून केले. एकोणचाळीस वेळा ढकल, उचल, आण, ठेव. दातांच्या कडेवरची चकाकी एकेक करून विझत गेली. खरं सांगायचं तर मला त्यात गोडी लागली होती.

पलीकडे गेलो आणि फोन वाजला. कुणीतरी बाई मला कर्ज द्यायला निघाल्या होत्या. फोन कान आणि खांद्यात दाबला आणि हात चालू ठेवला. हा तपशील लक्षात राहू द्या.

दात झाल्यावर मला दिसलं की प्रत्येक दातापुढं एक बुटकं टेकाड आहे. त्याला धारबीर काही नाही. म्हटलं हे राहूनच गेलं, आणि कानस लावणार तोच वर्तमानपत्र खाली आलं.

"त्याला हात लावू नका!"

ते टेकाड म्हणजे घरातला खर्चाचा हिशेब ठेवणारा माणूस. स्वतः काही कापत नाही, मागच्या दातानं एका वेळी किती लाकूड खायचं तेवढं ठरवतं. ते दातापेक्षा खाली हवं, पण किती? आमच्या साखळीत सुमारे 0.65 मिलिमीटर. दात झिजून ठेंगणा झाला की टेकाडही त्या मानानं उतरवायचं, पण मापाची पट्टी ठेवून, सपाट कानशीनं, अगदी बेतानं. जास्त उतरवलं तर दात अधाशासारखा घास घेतो, करवत धक्के मारते, आणि बारच्या नाकाचा वरचा कोपरा कुठं अडला तर अख्खी करवत उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. नानांनी पट्टी ठेवून पाहिली. सव्वीसपैकी दोनच टेकाडं उंच निघाली, ती त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवली. हे काम माझ्याकडे द्यायचा विषयही निघाला नाही.

"आता बार काढा, खाचेतला गाळ साफ करा, तेलाचं भोक मोकळं करा आणि बार उलटा करून बसवा. एकाच बाजूनं झिजायला नको." एवढं सांगून नाना आडवे व्हायला गेले.

खाचेतून जे निघालं ते तेल आणि भुसा यांचं लग्न होऊन बरीच वर्षं झाल्यावर दिसावं तसं होतं. काळं, चिवट, एकमेकांना न सोडणारं. भोक तारेनं मोकळं केलं. बार उलटा केला. साखळी चढवून ताण दिला. खालून ती लोंबायला नको, पण हातमोज्यातल्या हातानं सहज ओढता आली पाहिजे. हाही ताण गार असतानाच द्यायचा. गरम साखळी लांबलेली असते, ती तेव्हा आवळली तर गार होताना आकसून बारला मगरमिठी घालते. तेल भरलं. प्लग लावला, टोक पुठ्ठ्याकडे धरून करवत क्षणभर चालवली. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली. सगळं कसं शास्त्रशुद्ध!

ओंडक्याखाली आठवणीनं टेकू लावला आणि करवत टेकवली.

धूर.

ढलपी नाही, भुसा नाही, पावडरसुद्धा नाही. लाकडावर एक सुंदर तपकिरी पॉलिश झालं. मी दाबलं. पॉलिश आणखी चकाकलं. अठ्ठ्याहत्तर वेळा केलेलं ढकल-उचल-आण-ठेव माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मी मनाशी ठरवलं की ही करवत कुणालातरी देऊन टाकायची, शक्यतो त्या कर्जवाल्या बाईंना.

वासानं नाना उठून आले. आधी प्लग काढला. मग चष्मा लावून साखळीकडे पाहिलं, झाकणावर कोरलेल्या दाताच्या चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बार उलटा करा म्हटलं होतं."

"केला की."

"साखळीसुद्धा केलीत."

सव्वीस दात पाठमोरे होऊन धावत होते. लाकडाला धार लागत नव्हती, पाठी घासत होत्या. यावर बोलण्यासारखं काही नसल्यामुळे मी पाना घेऊन कामाला लागलो.

साखळी सुलट चढली आणि मग मात्र जे झालं ते पाहायला बायको खिडकी सोडून बाहेर आली. दाबायचं नावच नको. करवत स्वतःच्या वजनानं लाकडात उतरत गेली, नखाएवढ्या ढलप्यांचा फवारा उडाला, नानांच्या वर्तमानपत्रावर पडला, आणि पहिल्यांदाच त्यांनी तो झटकला नाही. दोन तुकडे पडले. बायको म्हणाली, यांची बसायला स्टुलं होतील.

नानांनी एक तुकडा उभा केला. कापलेल्या भागावर हात फिरवला. खाली वाकून एक डोळा मिटला. काप सरळ नव्हता, वरून खाली येताना डावीकडे वळत गेला होता, डौलात, नदीनं वळण घ्यावं तसा.

"डावीकडच्या दातांना किती वेळा कानस मारलीत?"

"तीन. मोजून."

"आणि उजवीकडच्या?"

मी ओंडक्याकडे पाहिलं. उजवे दात जास्त झिजून आखूड झाले की लांब राहिलेल्या डाव्या दातांकडे करवत ओढ घेते, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मलाही लागलं नाही.

"नाना, त्या बाई व्याजाचा दर सांगत होत्या हो."

स्टुलं झाली. त्यांच्यावर बसलेला माणूस गप्पा मारता मारता हळूहळू डावीकडे सरकतो. नाना आले की उभेच राहतात.