माझी 23 किलोची बॅग

इंटरव्ह्यूचे पाच राउंड झाले, जर्मनीचं ब्लू कार्ड म्हणजे तिथे राहून नोकरी करायचा परवाना, हे शेजारच्या काकूंना तीनदा सांगून झालं, व्हिसासाठी विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जाऊन परत पण आलो, अन् मला वाटलं झालं बाप्पा, आता फक्त विमानात बसायचं. बॅग भरायची राहिलीच होती.

म्युनिकचं तिकीट, एक बॅग, 23 किलो. रिकामी बॅगच साडेचार किलोची असते हे घरात कोणी धरतच नाही. मे महिना, नागपुरात बाहेर 45 डिग्री, अन् आत्याने मला कूलरसमोर उभं करून लोकरीचा स्वेटर घालून पाह्यला, बाह्या पुरतात का ते बघायला. आईने दोन किलो भिवापुरी तिखट काढलं. म्हटलं अगं मी तिथे हॉटेल टाकून नाही राहिलो. तर म्हणे, "असू दे ना, तिथलं तिखट काय तिखट राहते का?" मग इतवारीतून सावजी मसाला, मग गच्चीवर नुकत्याच वाळलेल्या कुरडया, ज्यांना वजन काहीच नाही पण अर्धी बॅग त्यांनीच खाल्ली.

तुपावरून तर भांडणच. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आई म्हणे, तूप कुठे दुधाचं, तूप लोण्याचं, कोणी विचारलं तर तसं सांगशील.

अन् मिक्सर. ही चूक माझीच. बाबांनी सहज विचारलं तिथे करंट किती असतो, मी पण हुशारीत सांगितलं, आपल्यासारखाच, 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, फक्त पिन वेगळी. दुसऱ्या दिवशी बॅगेत मिक्सर, त्याची तीन भांडी, वरून अडॅप्टर पण.

वजन करायला बाबा बॅग उचलून घरच्या काट्यावर उभे राहिले, त्यातून त्यांचं वजन वजा करायचं होतं. पण बाबा 91 किलोचे आहेत हे आईला तेव्हाच कळलं, मग बॅग राहिली बाजूला अन् मॉर्निंग वॉकच्या नावाखाली तर्रीपोहे कुठे खाऊन राहिले याची चौकशी बसली. शेवटी गल्लीत रद्दीवाला आला, त्याच्या काट्याला बॅग लटकवली. "बावीस किलो, भाऊ." सगळे खूश. उरलेल्या एका किलोत आईने लिंबाचं लोणचं बसवलं.

सोनेगावला एअरपोर्टच्या काट्यावर आकडा आला 29.4. मागे लाइन वाढून राहिली, मी तिथेच फरशीवर बॅग उघडून मिक्सर काढला, तिखट काढलं, लोणचं काढलं अन् सिक्युरिटीवाल्याच्या हातापाया पडून गेटवर बाबांना द्यायला गेलो. आई म्हणे यांचाच काटा खराब असेल. बाबा मिक्सर छातीशी धरून गप्प उभे, बोटांवर काहीतरी मोजत होते.

"किती म्हणाला होता तो? बावीस ना?"

"हो."

"अन् आपण वीस वर्षं पेपर त्यालाच देऊन राहिलो रे!"