घसा लाल दिसला म्हणजे आवाजाचं निदान झालं असं नाही

शिक्षक, गायक, निवेदक, कॉल सेंटरमधली मंडळी यांच्यासाठी एक सल्ला सतत पुढे ढकलला जातो: आवाज बसला म्हणजे ताण आलाय, टॉर्चने घसा बघितला की निदान होतं, मग कुजबुजत बोला, गुळण्या करा, ॲसिडिटीची गोळी घ्या, आणि गाठ निघालीच तर ऑपरेशन अटळ. यापायी लोकांचे महिने वाया जातात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी टॉर्च. ‘आ’ केल्यावर दिसतात टॉन्सिल आणि घशाची मागची भिंत. स्वरतंतू त्याच्या बरेच खाली, जिभेच्या मुळामागे असतात. ते बघायला आरसा किंवा दुर्बीण लागते.

साधी दुर्बीणही दर वेळी पुरत नाही. बोलताना पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा कंप पावतात, स्त्रियांचे २०० च्या आसपास. एवढा वेग डोळ्याला पकडता येत नाही. त्यासाठी स्ट्रोबोस्कोपी ही लुकलुकत्या प्रकाशातली तपासणी असते. तीत मानेवरचा मायक्रोफोन आवाजाची कंपनसंख्या पकडतो आणि प्रकाश तिच्यापेक्षा किंचित वेगळ्या गतीने लुकलुकतो. प्रत्येक झोतात तंतूची थोडी पुढची स्थिती दिसते आणि हालचाल संथ झाल्यासारखी वाटते. तंतूंच्या कडेवरून सरकणारी लाट आता नीट दिसते. पुढच्या आणि मधल्या तृतीयांशाच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना समोरासमोर उंचवटे असतील तर बहुधा नोड्यूल, म्हणजे आवाजाच्या ताणाने आलेल्या छोट्या गाठी. एकाच बाजूला फुगवटा आणि तिथे लाट अडत असेल तर सिस्टचा, म्हणजे तंतूच्या आवरणाखालच्या पिशवीसारख्या गाठीचा संशय. साध्या प्रकाशात ही दोन्ही सारखीच भासू शकतात. आवाज फारच खरखरीत असेल तर यंत्राला कंपनसंख्या सापडत नाही आणि चित्र उड्या मारतं.

तोंडातून घातलेल्या ताठ दुर्बिणीचं चित्र स्पष्ट असतं, पण जीभ बाहेर धरलेली असल्याने जेमतेम ‘ई’ म्हणता येतं. नाकातून जाणाऱ्या लवचिक दुर्बिणीने माणूस बोलू-गाऊ शकतो. गायकाचा हलका वरचा सूर फाटत असेल तर तपासणीत तोच सूर लावायला हवा. नुसत्या ‘ई’वर सगळं ठीक दिसून चूक होते.

‘ताणच असतो’ हेही धोक्याचं. ताण असतोच बऱ्याचदा, पण स्वरतंतूचा लकवा आणि स्वरयंत्राच्या कर्करोगाची सुरुवातही घोगरेपणानेच होऊ शकते. चार आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर स्वरयंत्र बघायलाच हवं. मानेत गाठ, गिळताना त्रास, धाप किंवा मानेच्या ऑपरेशननंतर बदललेला आवाज असेल तर तेवढंही थांबू नये. ज्यांचं पोट आवाजावर आहे, त्यांची तपासणी लवकरच व्हावी.

कुजबुजताना अनेकांचं स्वरयंत्र उलट जास्त आवळलं जातं. गुळणीचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही. निव्वळ घोगरेपणावरून, स्वरयंत्र न बघता ॲसिडिटीची गोळी सुरू करणं म्हणजे अंदाजपंचे.

ऑपरेशनचं म्हणाल तर नोड्यूलला पहिला उपचार व्हॉइस थेरपी, म्हणजे आवाज नीट वापरायचं प्रशिक्षण, आणि बहुतेकांना तो पुरतो. सिस्ट मात्र थेरपीने विरघळत नाही. म्हणून दोन्हींतला फरक आधी कळायला हवा.

आणि ओरडताना किंवा गाताना आवाज एकाएकी गेला, तर तंतूत रक्तस्राव झालेला असू शकतो. अशा वेळी कार्यक्रम निभावून नेण्यासाठी स्टिरॉइड घेऊन गाऊ नका. पूर्ण मौन पाळा आणि त्याच दिवशी दुर्बिणीने तपासून घ्या.