आपल्या पश्चात मुलांनी रोज आपलं नाव घ्यावं म्हणून

फोटोला घातलेला चंदनाचा हार वर्षश्राद्धापर्यंत धूळ खायला लागतो, हे तुम्ही इतरांच्या घरी पाहिलंच असेल. मुलांनी, सुनांनी, जावयांनी निदान दहा-पंधरा वर्षं रोज आपलं नाव घ्यावं असं वाटत असेल, तर त्याची तयारी हयातीतच करायला हवी. सुदैवाने या तयारीत हातपाय हलवावे लागत नाहीत. जे आहे ते तसंच पडू द्यायचं.

पहिली गोष्ट, मृत्युपत्र करू नका. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, साधा कागद आणि समोर सही करणारे दोन साक्षीदार पुरतात. इतक्या स्वस्तात मिटणाऱ्या गोष्टीत काय राम? शिवाय ते अशुभ. तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात की तुमच्या कमाईचा ताबा १९५६ चा हिंदू वारसा कायदा घेतो आणि बायको, मुलगे, मुली, आणि आई हयात असेल तर आई, असे सगळ्यांना सारखे वाटे घालतो. (वडील मात्र दुसऱ्या वर्गात. कायद्यालाही आईच जवळची.) धाकट्याने तुमचं पथ्यपाणी केलं आणि थोरला परदेशातून रोज ‘शुभ सकाळ’चं फूल पाठवत होता, हा फरक कायद्याला दिसत नाही. धाकट्याच्या बायकोला मात्र दिसतो.

मृत्युपत्र करायचंच असेल, तर साक्षीदार आपल्याहून वयस्कर निवडा. पुढे सही शाबीत करायला दोघांपैकी एकाला तरी कोर्टात उभं करावं लागतं. तोवर दोघंही तुमच्याच सोबतीला आलेले असले म्हणजे बरं. मजकुरात ‘सर्वांनी सामोपचाराने वाटून घ्यावे’ एवढंच लिहा. आणि मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, लॉकर एकट्याच्या नावावर. बँक म्हणेल आधी वारस असल्याचं दाखवा. ते दाखवणारा कागद लॉकरमध्ये.

मुंबईकरांची एक खास सोय होती, ती अलीकडेच गेली. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातल्या २१३ व्या कलमामुळे मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या स्थावराबद्दलच्या हिंदूच्या मृत्युपत्राला हायकोर्टातून प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) घ्यावंच लागायचं. इतर जिल्ह्यांत ही सक्ती नव्हती, त्यामुळे दादरच्या वन रूम किचनला जो मान होता तो सदाशिव पेठेतल्या वाड्याला कधी मिळाला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलमच काढून टाकलं. नाउमेद होऊ नका. सक्ती गेली, प्रोबेट गेलेलं नाही. एकाने अर्ज करावा, दुसऱ्याने ‘ही सही बाबांची नाहीच’ म्हणून कॅव्हेट, म्हणजे हरकत, टाकावं, की त्या अर्जाचा रीतसर दावा होतो आणि दर दिवाळीला फराळाच्या ताटावर तुमचा विषय निघतो.

नॉमिनीचं काय, असं कुणी हुशार विचारेल. नाव जरूर लावा, पण एकाच मुलाचं, आणि ‘आता फ्लॅट तुझाच’ असं त्याला चारचौघांत सांगा. नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांसाठी सांभाळणारा असतो, हे त्याला सोसायटीतून कळू द्या. २०१९ पासून राज्याच्या सहकार कायद्यातच नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद केलंय. शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानेही २०२३ मध्ये तेच सांगितलं. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. म्हणजे एकाऐवजी चौघांचा गैरसमज करून देता येतो.

खरी कलाकुसर कागदांत आहे. लग्नातल्या शालूची पिशवी घ्या, तीच, बंद फाटलेली. तीत एफडीच्या पावत्या, बंद पडलेल्या पतसंस्थेचं पासबुक, १९९२ च्या तेजीत घेतलेली शेअर सर्टिफिकेटं आणि गॅसचं जुनं कार्ड एकत्र कोंबा. पासबुकावर दत्तात्रय, शेअरवर डी. जी., आधारवर दत्तात्रेय आणि सातबाऱ्यावर दत्तू असेल तर सोन्याहून पिवळं. ‘वरील चारही नावांची व्यक्ती एकच होती’ असं प्रतिज्ञापत्र मुलाला दर खिडकीवर नव्याने करावं लागेल. दहा वर्षं कुणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, सात वर्षं लाभांश न उचललेले शेअर सरकारच्या. दोन्ही परत मिळतात. म्हणून तर घरचे आशेवर राहतात. ‘उद्गम’ नावाचं पोर्टल २०२३ पासून बेवारस ठेवी शोधून देतं, त्याबद्दल घरात बोलू नका.

गावची जमीन असेल तर तुम्हाला फार काही करावं लागणार नाही, आजोबांनी केलेलं आहे. त्यांच्या मागे सातबाऱ्यावर थोरल्या काकांचं नाव लागलं, पुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि बाकी भाऊ-बहिणी ‘इतर हक्क’ या रकान्यातसुद्धा नाहीत. वारसाची खबर तीन महिन्यांत द्यायची असते, ती तीन पिढ्यांत दिलेली नाही. आता तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, पण फेरफाराची नोटीस सगळ्यांनाच जाणार. त्यातली एक आत्या बडोद्याला, एक चुलतभाऊ कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही, आणि ज्याच्याशी बांधावरून बोलणं बंद आहे तो शेजारच्याच घरात.

एक धोका तेवढा सांभाळा. एखादी मुलगी शहाणी निघते. रविवारी जेवणं झाल्यावर जवळ बसते, वही-पेन काढते आणि हळूच विचारते, ‘बाबा, कुठे काय काय आहे ते एकदा लिहून ठेवूया का?’ अशा वेळी पाघळू नका. ताटली बाजूला सरकवा, चष्मा काढा, आणि बायकोकडे बघत म्हणा, ‘बघ, आत्तापासून टपलेत!’ मुलगी रडेल, वही मिटेल, आणि पुढची पाच-सात वर्षं घरात कुणी तो विषय काढणार नाही.