सलीम युसूफ परदेशी गेले म्हणून काय बिघडलं?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून तोच वाद पेटतो: देशाच्या पैशावर शिकायचं आणि अक्कल परदेशात विकायची, हे बरोबर का? या वेळचं निमित्त माझी भाची. ती पुण्यात पीएचडी करते. ज्युनियर रिसर्च फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० झाली खरी, पण हिच्या खात्यात ती महिनोन्महिने जमाच होत नाही. ‘कॅनडात अर्ज करू का?’ असं तिनं विचारताच दाजींनी पोरीला सुनावलं, ‘जा, मामाच्या मागे जा.’ मामा म्हणजे मी. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये राहतो, म्हणजे आरोपी ठरलेलाच.

तर याच हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात १९९२ मध्ये हृदयविकाराचे संशोधक डॉ. सलीम युसूफ आले. मूळचे केरळचे, बंगळुरूच्या सेंट जॉन्समधून डॉक्टर झालेले, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेले. तिथं त्यांनी इतरांबरोबर हार्ट अटॅकवरच्या उपचारांच्या ‘आयसिस’ चाचण्या सुरू केल्या. पद्धत अगदी साधी. ड्यूटीवरच्या डॉक्टरनं अपरात्रीसुद्धा ऑक्सफर्डला फोन लावायचा, मोजक्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि सांगतील त्या नंबरचं औषधाचं पाकीट उघडायचं. युसूफ पुढे अमेरिकेला गेले, पण या मालिकेतली दुसरी चाचणी १९८८ मध्ये छापून आली तेव्हा तिच्यात १७,१८७ रुग्ण होते, आणि महिनाभराच्या अ‍ॅस्पिरिननं मृत्यू जवळजवळ पाव हिश्श्यानं घटलेले दिसले. वेगवेगळ्या उपगटांचे निकालही द्या, असा आग्रह झाला, तेव्हा या मंडळींनी रुग्णांच्या राशी मांडून दाखवल्या: मिथुन आणि तूळवाल्यांना अ‍ॅस्पिरिन लागूच पडत नाही! आकड्यांचे फार तुकडे पाडले की काय होतं, ते यापेक्षा झणझणीत कुणी सांगितलेलं मला माहीत नाही. (आपल्याकडे काहींनी ते खरं मानलं असतं, ही गोष्ट वेगळी.)

युसूफ यांचाच २००४ चा ‘इंटरहार्ट’ अभ्यास ५२ देशांतला. तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर अशी नऊच कारणं बहुतेक सगळ्या हार्ट अटॅकच्या मुळाशी सापडली. दक्षिण आशियात पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो आणि इतरत्र ५९ च्या आसपास, हेही त्याच आकड्यांतून निघालं. पुढे अनेक औषधं एकाच गोळीत घातलेल्या ‘पॉलिपिल’च्या चाचण्या झाल्या, त्यात त्यांचं जुनं सेंट जॉन्सच भागीदार होतं. गेलेल्या माणसाला देश कायमचा मुकला, हे दाजींचं म्हणणं इथं टिकत नाही.

पण माझ्या बाजूचे लोक ‘बघा, गेले म्हणून मोठे झाले’ म्हणतात, तेही मला पटत नाही. मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक ऑक्सफर्डहून परत आले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातून त्यांनी १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं दिसायला किडकिडीत, पण कातडीखालची चरबी त्या मानानं कमी झालेली नाही. मधुमेह आणि हृदयविकाराची आपली वाट पोटातूनच सुरू होते, हा विचार त्यातून जगभर गेला. आणि या कामाला पैसा कुठला? मोठा वाटा लंडनच्या वेलकम ट्रस्टचा, म्हणजे आरोग्य-संशोधनाला पैसा देणाऱ्या तिथल्या संस्थेचा.

माझं भांडण इथं आहे. माणूस राहिला की गेला यावर आपण रात्री जागवतो, पण सहा गावांतल्या पोरांची तीस वर्षं नोंद ठेवायचा खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न ग्रुपवर कधी येत नाही. कॅनडा काही स्वर्ग नाही. इथंही अनुदानाचे बहुतेक अर्ज परत येतात, आणि मोठ्या चाचण्यांत औषध कंपन्यांचा पैसा असतो म्हणून कुरबुरी होतातच. फरक एवढाच, की एकदा मंजूर झालेला पगार पुढच्या महिन्यात येईल का, याची चिंता संशोधकाला नसते. दिल्लीनं २०२३ मध्ये संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा केला आणि पाच वर्षांत ५०,००० कोटींचा आकडा सांगितला. त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. तो येईलही, पण त्यातून दोन-तीन वर्षांचेच प्रकल्प निघाले तर पुढचा गावोगावचा अभ्यास पुन्हा लंडनच्याच दारात जाईल.

भाचीला मी अर्ज कर म्हणालो. दाजींनी अजून रिप्लाय दिलेला नाही. ताईनं मात्र वेगळा मेसेज करून विचारलंय, तिकडे थंडी कितपत असते.