पाहुणे मोपावर, बाबा दाबोळीला

"गोव्यात राहता म्हणजे तुमची रोजच सुट्टी!" असं म्हणणाऱ्यांना एकदा मे महिन्यात आमच्या पेडण्याच्या घरी बोलवायचं आहे. आधी गच्चीवर भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसवतो, मग बोलू. मे हा आमचा राबायचा महिना. पाऊस लागायच्या आत सोलं वाळायला हवीत, सांडगे व्हायला हवेत, फणसाची साठं उलटायला हवीत. १ जूनपासून ६१ दिवस ट्रॉलर बंद, म्हणून पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, सुकी मासळीही घरात येऊन पडायला हवी. आणि नेमके ह्याच महिन्यात पाहुणे येतात.

२०२५ च्या मे महिन्यात दादा, वहिनी आणि पुतण्या पुण्याहून विमानाने येणार होते. दादाने महिनाभर आधी तक्ता पाठवला होता. कुठल्या दिवशी कुठे जायचं, दुपारचं जेवण कुठे, कोण कुठल्या खोलीत झोपणार, सगळं त्यात होतं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'गोवा विमानतळ, स. ११.१०'. एवढंच. कुठला विमानतळ, ते नव्हतं.

बाबांसाठी विमानतळ म्हणजे जुना, दक्षिणेकडचा दाबोळी. मोपाच्या नव्या विमानतळावर विमानं उतरायला लागली २०२३ च्या जानेवारीत. तोही आमच्याच तालुक्यात, घरापासून गाडीने वीस मिनिटं. पण माणूस चौऱ्याहत्तर वर्षांचा, सत्तर वर्षांची सवय वीस मिनिटांसाठी कोण मोडणार? सकाळी आठलाच निघाले. "एवढ्या लवकर?" असं आईने विचारलं तर म्हणाले, "वाटेत ट्रॅफिक असतो." मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पेडणे ते मोपा कसला ट्रॅफिक!

कोलवाळला शापोरा ओलांडली, पणजीला मांडवी, पुढे जुवारी. तीन नद्या पार करून बाबा दाबोळीला पोचले आणि दारात उभे राहिले. इकडे मोपावर दादा दारात उभा. बाबांचा मोबाईल स्वयंपाकघरात, फ्रीजवर, चार्जिंगला. तो वाजला की आई उचलायची आणि दादाला सांगायची, "अरे, ते तुलाच आणायला गेलेत!"

शेवटी बाबांनी तिथल्या कुणाचा तरी फोन मागून घरी लावला. मी उचलला आणि जे बोललो ते इथे लिहीत नाही. वडिलांशी बोलायची ती रीत नव्हती. पलीकडून ते शांतपणे एवढंच म्हणाले, "बरं, मग मी परत फिरतो."

दादा टॅक्सी करून घरी आला. आम्ही सगळे व्हरांड्यात बसून बाबांच्या नावाने हसत होतो, त्यामुळे वर आभाळाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. त्या वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पाऊस धो धो कोसळायला लागला होता. २५ तारखेला तर मान्सून गोव्यात पोचल्याचं वेधशाळेनेही सांगून टाकलं. पण आईचा विश्वास पंचांगावर, आणि दोन दिवस कडक ऊन पडलेलं. आठवडाभर आगळात, म्हणजे कोकमाच्या खारट रसात, बुडवून बुडवून वाळवलेली सोलं गच्चीवर पसरलेली होती. सर आली ती अशी, की आम्ही जिना चढेपर्यंत अर्धी सोलं पन्हळीतून खाली निघालीसुद्धा. पुढची भिंत वरपासून खालपर्यंत लालभडक. अंगणातून सहा वर्षांचा पुतण्या किंचाळला, "आज्जी, घराला रक्त येतंय!"

शेजारची आंटी धावत आली ती रक्त ऐकून. आली तशी गच्चीवर चढली आणि उरलेले सांडगे साडीच्या ओच्यात भरावेत तसे आपल्या गाऊनमध्ये भरून खाली घेऊन आली. आई पायरीवर मटकन बसली. मला वाटलं, आता रडणार. आठ दिवसांची मेहनत होती तिची. तर ती हसायलाच लागली, डोळ्यांना पदर लावून. तिच्या मागोमाग आंटी, मग वहिनी.

दीड तासाने बाबा आले. डिकी उघडली तर आत सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), खारवलेले मोरी माशाचे तुकडे. वाटेत म्हापशाला थांबून पुरुमेंताची सगळी खरेदी उरकून आले होते. म्हणाले, "माणसं नव्हती, तर गाडी रिकामी कशाला आणायची?" त्या गाडीचा वास चतुर्थीपर्यंत गेला नाही. वहिनीच्या परतीच्या सामानालाही तो लागलाच. पुण्याला उतरल्यावर तिने फोन करून आम्हाला ते आवर्जून कळवलं.

हल्ली सगळ्यांच्या सुट्ट्या फोटोत कशा इस्त्री केल्यासारख्या दिसतात. दादाच्या तक्त्यातल्याही बऱ्याच गोष्टी त्या वर्षी व्यवस्थित पार पडल्या म्हणे. मला त्यातली एकही आठवत नाही. अर्थात प्रत्येक फजिती हसण्यावारी न्यावी असं मी म्हणणार नाही. पावसाळी समुद्रात नको ते धाडस करून जिवावर बेतून घेणारे आम्ही दरवर्षी बघतो, त्यात हसण्यासारखं काही नसतं. आणि घरच्या फजितीतही कुणाला तरी कायमचं टोचत राहायचं असेल, तर ते हसणं नव्हे, उट्टं काढणं.

आमच्याकडे तसं झालं नाही ह्याचं श्रेय आईला, आणि त्याहून जास्त बाबांना. हा किस्सा आता तेच सांगतात. चतुर्थीला सांगितला, दिवाळीला सांगितला, परवा एका लग्नात भटजींनाही सांगितला. दर वेळी एक नदी वाढते. आता तेरेखोलसुद्धा आली आहे, जी साफ उलट दिशेला आहे. मी फोनवर चिडून जे बोललो होतो, ते मात्र त्यांच्या सांगण्यात एकदाही आलेलं नाही. मी ते लक्ष देऊन ऐकतो दर वेळी.

ह्या वर्षी दादा रेल्वेने येतोय. तक्त्यात लाल अक्षरांत लिहिलंय, 'थिवी स्टेशन. थिवी.' काल रात्री जेवताना बाबा म्हणाले, "म्हणजे मडगावला किती वाजता पोचायचं मी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "जाऊ दे रे. सुंगटं संपत आलीत."