पेट्रोलच्या कॅनला हवेसाठी एवढंसं भोक ठेवायला काय धाड भरली होती?

आज परत तेच! गवत कापायच्या लॉनमॉवरमध्ये पेट्रोल ओतायला गेले आणि निम्मं टाकीत, निम्मं माझ्या बुटांवर. पाच गॅलनचा, म्हणजे जवळपास एकोणीस लिटरचा कॅन, भरला की पंधरा-सोळा किलो. तो एका हाताने तोलायचा, तोटी टाकीच्या काठावर दाबायची, अंगठ्याने खटका मागे ओढून धरायचा. आधी काहीच येत नाही. मग भुळुक. मग परत काही नाही. आणि मग एकदम भसकन! जानेवारीत बर्फ हटवायचा स्नोब्लोअर भरताना तर हातमोजा भिजून बोटं बधिर झाली होती.

हवाच आत जात नाही, तर पेट्रोल बाहेर येणार कसं? गावाकडे आई पंधरा किलोचा तेलाचा डबा फोडायची तेव्हा समोरासमोर दोन भोकं पाडायची, एक तेलाला, एक हवेला. तिला हे कुणी शिकवावं लागलं नाही. इथे अमेरिकेत जुन्या कॅनलाही मागे छोटंसं झाकणाचं भोक असायचं. ते गेलं. पर्यावरण खात्याचा, म्हणजे ईपीएचा नियम २००७ मध्ये झाला आणि १ जानेवारी २००९ पासून बनणाऱ्या कॅनना लागू झाला. गॅलनमागे दिवसाला ०.३ ग्रॅमच्या वर वाफ सुटायला नको, तोटी आपोआप मिटली पाहिजे. हेतूबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्या वाफांनी हवा खराब होते, आणि गॅरेजमधला तो वास माझ्याच मुलांच्या नाकात जातो. पण अहो, जमिनीवर सांडलेल्या पेट्रोलची वाफ होत नाही का? डबाभर वाफ कोंडून ठेवायची आणि वाटीभर पेट्रोल गवतावर ओतायचं, हे कसलं रक्षण?

लोक काय करतात ते बघा. तोटी काढून फेकतात, नरसाळं लावतात. ड्रिलने स्वतःच भोक पाडतात. पेट्रोलच्या डब्याला ड्रिल! लोक घरातलं जुनं सामान विकतात त्या गॅरेज सेलमध्ये जुने कॅन शोधत फिरतात. नियमच असा केलात की साधी माणसं तो मोडूनच सुरक्षित राहायला बघतात.

जुलै २०२५ मध्ये ईपीएचे प्रमुख ली झेल्डिन यांनी कंपन्यांना सांगितलं, कॅनला हवेची वाट द्या. बरं झालं, फार आधी व्हायला हवं होतं. पण लगेच काहींना जोर चढलाय की सगळेच नियम उडवा. खबरदार! मुलांना उघडता येऊ नये असं झाकण २००८ च्या कायद्यामुळे आलं. तोंडाशी ज्वाळा अडवणारी जाळी २०२० च्या कायद्यामुळे, आणि ती सक्तीची झाली २०२३ मध्ये. ती नसेल तर बाहेरची ठिणगी वाफेवरून आत शिरते आणि डबा माणसाच्या अंगावर आग ओकतो. त्या जाळीला हात लावायचा नाही. माझा धाकटा सहा वर्षांचा आहे आणि कॅन गॅरेजमध्ये त्याच्या सायकलीशेजारीच असतो.

मला फक्त भोक हवंय. आपोआप मिटणारं, झाकणाचं, कसंही. दुपारी तशीच वास मारणाऱ्या हातांनी दुकानात गेले. मांडणीवर सहा कॅन होते. एकेक उलटा करून पाहिला, एकालाही नव्हतं.